मारुतीची पायगाडी आणि व्याह्यांची शपथ

कल्याण स्टेशनाबाहेर दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या, उभ्या राहायच्या त्या दिवसांतली गोष्ट. मारुती गाडीवानाची दमणी त्यांत ओळखायला सोपी. बैल जुंपलेले, उतारू आत बसून उपरण्याने वारा घेताहेत, आणि गाडीवानाचा पत्ता नाही. उतारूने हाका माराव्यात, शेजारच्या गाडीवानाने हसून चिंचेकडे बोट दाखवावं. चिंचेखाली मारुती उकिडवा बसलेला असायचा आणि आपल्या दुसऱ्या गाडीचं चाक धोतराच्या सोग्याने पुसत असायचा. ही दुसरी गाडी म्हणजे पायगाडी. दोन चाकं, मध्ये लोखंडी कणा, वर टीचभर चामड्याची बैठक. बैल नाही, जू नाही, डोक्यावर छप्पर नाही. त्या वेळी अख्ख्या कल्याणात अशी एकच होती, आणि मारुतीच्या बायकोच्या, म्हणजे मालनच्या मते तीही एक जास्तच होती.

तसा मारुती लाख माणूस. तीन मुली, आणि तिघींच्या वेण्या सकाळी ओटीवर बसून तो स्वतः घालायचा. त्या काळात बाप्याने पोरींच्या वेण्या घालायच्या म्हणजे रस्त्याला फुकटचा तमाशा.

"काय मारुती, शेपट्या विणायला बसलास काय रे?"

"बैल बरे रे. ते हलत नाहीत, ही धाकटी हलते."

म्हातारी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालताना दिसली की तिला दमणीत घेणार. बाळंतीण माहेरी पोचवायची असली की खड्डा चुकवत इतकी हळू गाडी हाकणार, की बैलांना वाटावं आज सण आहे. मालनला नवऱ्यात खोट काढायची म्हटली तर फार हिंडावं लागलं नसतं, ती चिंचेखालीच उभी होती.

ती आली कशी, तर ठाण्याच्या लिनोमुळे. लिनो एका साहेबाकडे बटलर. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना पायगाडी लिनोच्या गळ्यात घालून गेला. लिनोने ती घरात ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या बायकोच्या, क्लाराच्या बदकांवर आडवी झाली. एक बदक जायबंदी झालं, आणि क्लाराने नवऱ्याला सांगितलं, की आता ती तरी राहील नाहीतर मी तरी. लिनो जरासा विचारात पडला, हे क्लाराला आवडलं नाही. नेमका त्याच दिवशी मारुती ठाण्याला गेलेला. त्याने पायगाडी पाहिली, आणि घरी येऊन दावणीची दुभती शेळी सोडून घेऊन गेला.

संध्याकाळी मालन शेळीसाठी पाला घेऊन दावणीशी आली, तर तिथे लोखंड बांधलेलं. हो, बांधलेलं. मारुतीने शेळीचं दावंच तिच्या मानेला अडकवलं होतं.

"दूध देणारं जनावर देऊन हे आणलंत?"

"अगं, ही चारा खात नाही."

"चारा खात नाही, दूध देत नाही, शेण टाकत नाही. मग करते काय ही?"

"पळते."

"पळायला आपल्या घरात तुम्ही आहात की!"

मग मारुती शिकला. काळ्या तलावाच्या बांधावर शिकला, आणि कपडे धुणाऱ्या परटांनी त्याला पाण्यातून इतक्यांदा काढला, की पुढे पुढे ते हातातलं धुणं खाली न ठेवताच काढू लागले. पण शिकला. आणि एकदा बसायला यायला लागल्यावर त्याला जे सुख झालं, ते मालनला त्याच्या तोंडावर दिसायचं आणि तिचा जीव जळायचा. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा हा माणूस इतका खुलला नव्हता.

आता चूक झाली ती पाडव्याला. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे गुरांना आंघोळ घालतात, अंगावर गेरूचे हात उमटवतात, आणि पेंढा पेटवून त्या विस्तवावरून त्यांना उडवतात. वर्षभर रोगराई शिवत नाही. मारुतीने बैल उडवले, आणि मग दावणीत उरलं कोण, तर पायगाडी. तिला एकटीला तसंच ठेवणं त्याच्या जिवाला बरं वाटेना. त्याने तिच्या दांडीला घुंगुरमाळ बांधली, बैठकीवर गेरूचा हात उमटवला आणि तिला विस्तवात घातली. बैलाला चटका बसला की तो उडतो. पायगाडी उडाली नाही. मधोमध अडकली. चाकांना रबराची धाव होती. ती पेटली, आणि सणाच्या दिवशी सगळ्या आळीने नाकाला पदर लावून फराळ केला.

रबर तर कल्याणात मिळत नव्हतं. शेवटी टिटवाळ्याच्या काळुराम मोच्याने मोटेच्या कातड्याची पट्टी शिवून चाकांवर चढवली. गाडी चालू लागली, पण पावसात ते कातडं फुगायचं, उन्हात आक्रसायचं, आणि बारा महिने कुरकुरायचं. त्या कुर्रकुर्र आवाजावरून मालनला अर्ध्या आळीवरून कळायचं, की नवरा येतोय. एक सांगायचं राहिलं. पायगाडीला थांबवायची सोय नव्हती. पहिल्यापासूनच नव्हती की विस्तवात गेली, कोण जाणे. मारुती पाय घासून थांबायचा, नाहीतर समोर पेंढ्याची गंजी बघून ठेवायचा.

अशातच थोरल्या रतनला स्थळ आलं. आलं म्हणजे चालून आलं. डोंबिवलीच्या विश्राम पाटलांचा तानाजी टिटवाळ्याच्या जत्रेत रतनला बघून आला आणि घरी जाऊन बोलला, "करीन तर हीच." विश्राम पाटील मोठा ताठ माणूस. घरची शेती, दारात शर्यतीचे बैल, चालायला लागले की आधी मिश्या दिसायच्या आणि मग पाटील. एकुलत्या एका मुलापुढे त्यांचं चालेना, म्हणून ते सुपारी फोडायला निघाले.

आगगाडीतून कल्याणला उतरले, स्टेशनाबाहेर आले, फेटा सारखा केला. आणि समोरून घुंगरांचा खुळखुळाट करत एक माणूस हवेत पाय मारत थेट त्यांच्या अंगावर.

"बाजूला व्हा! अहो, बाजूला व्हा! ही थांबत नाही!"

बाजूला तांदळाच्या गोणी रचलेल्या होत्या. पाटलांसारखा पाटील त्या गोणींवर चढला. पायगाडी खालच्या गोणीत घुसली, तांदूळ सांडला, आणि खालचा माणूस उठून, अंग झटकून, दोन्ही हात जोडून म्हणाला, "राम राम पाटील. मी मारुती. मुलीचा बाप. तुम्हालाच घ्यायला आलेलो."

घरी सगळं नीट झालं. रतन खाली मान घालून पाट घेऊन बसली, पाटीलबाई शकूबायना ती पहिल्या नजरेत आवडली. पंच मंडळी ओटीवर बसली. सुपारी फोडायची तेवढ्यात पाटलांनी हात वर केला.

"पोर पसंत. मानपान नको, काय नको. माझी एकच अट हाय."

मालन आतून दारापाशी येऊन उभी राहिली.

"व्याह्याने त्या लोखंडी टोळावर पुन्यांदा बसायचं नाय. लोक मला काय बोलतील? पाटलाचा व्याही तंगड्या हलवत फिरतो? घ्या शपथ. पोरीची घ्या. सगळ्यांसमोर."

मारुतीने एकदा दावणीकडे पाहिलं आणि मग रतनकडे. रतनची वेणी त्याने त्याच दिवशी सकाळी घातली होती, आता थोड्याच दिवसांची म्हणून जरा घट्टच.

"रतनची शपथ," तो म्हणाला. "नाही बसणार."

सुपारी फुटली. आता शपथेचं काय असतं ते सांगायला नको. ज्याने घातली त्याने सगळ्यांसमोर 'सुटली' म्हटलं तरच ती सुटते. तोवर मोडली, तर ज्याच्या नावाने घेतली त्याच्या डोक्यावर जाते. रतन सासरी शिंकली तरी आता म्हणणारे म्हणणार होते, बापाने शपथ मोडली असेल. पण मारुती मोडणारा नव्हता, हे मालनला पक्कं ठाऊक होतं. तिने मनातल्या मनात पाटलांना दंडवत घातलं. आपण इतके दिवस कंठशोष केला, आणि या माणसाने एका सुपारीत काम केलं! त्या दिवशी तिने खीर केली ती व्याह्यांसाठी, असं सगळ्यांना वाटलं.

लग्न झालं. रतन डोंबिवलीला गेली. चार दिवसांनी संध्याकाळी मालन चुलीशी बसलेली, आणि रस्त्यावरून कुर्रकुर्र. ती पिठाच्या हातानेच बाहेर धावली.

"अहो! शपथ! पोरीची शपथ आहे हो!"

मारुती पायगाडीच्या शेजारून चालत होता. दांडी धरून, बैलाची वेसण धरावी तशी.

"बसलोय का मी? जनावर दावणीला बांधून ठेवलं की आखडतं. जरा तलावापर्यंत फिरवून आणतो."

आणि मालनला पुढे कळलं, की आपण सुटलो नाही, चांगल्याच अडकलो. आधी हा माणूस बसून जायचा आणि बसून यायचा. दिवेलागणीला घरात हजर. आता चालत जायचा. चालणारा माणूस दिसला की लोक थांबवतात. हातात रिकामी गाडी दिसली की त्यावर काहीतरी ठेवतात. कोणाचा तांदूळ, कोणाची मडकी, कोणाचं दळण. मारुती ते सगळं दारोदार पोचवणार, प्रत्येक दारात पाणी पिणार, तिथल्या पोरांची नाकं पुसणार आणि घरी येणार तोवर मालनच्या भाताची शितं मोजावीत इतकी सुकलेली.

लोक विचारायचे, "अरे मारुती, बसत का नाहीस?"

"आमच्या व्याह्यांनी शपथ घातलीय," तो म्हणायचा. कुरबुरीने नाही, मानाने म्हणायचा. डोंबिवलीचे विश्राम पाटील आपले व्याही आहेत हे सांगायची संधी तो कशाला सोडेल? पण झालं असं, की पाटलांचं नाव पार टिटवाळ्यापर्यंत पोचलं. गरीब माणसाला गाडी असून पायी चालायला लावणारे ते पाटील.

पहिल्या दिवाळीला मारुती कल्याणहून डोंबिवलीला पायी आला. दांडीला कोहळे, मागे फराळाचा डबा, वर रतनसाठी लुगडं. आपला व्याही गाडी ओढत येतोय हे बघायला अर्धी डोंबिवली रस्त्यावर. बसून आला असता तर इतकी आली नसती. पाटील ओटीवर बसून दातओठ खात होते.

"व्याही, विकून टाका की ती!"

"घरचं जनावर आहे, व्याहीबुवा. विकवत नाही."

"मग निदान आमच्या गावात आणू नका."

"कोहळे कशावर आणू?"

शकूबाय आतून म्हणाल्या, "एक शब्द बोलायचाय तुम्हाला. सुटली म्हणा आणि मोकळे व्हा."

"पाटलाने घातलेली शपथ पाटील काढत नाय," विश्राम म्हणाले आणि मिशीला हात लावला. मिशी जागेवर होती, पण पूर्वीसारखी नव्हती.

मग रतनला मुलगी झाली, भागी. भागीला मान धरता यायला लागली आणि मारुतीने तिला पायगाडीच्या बैठकीवर ठेवली. शपथ त्याला होती, नातीला नव्हती. एका हाताने दांडी, एका हाताने नात. भागीला उतरवलं की ती असा टाहो फोडायची, की पाटलांचे शर्यतीचे बैलसुद्धा दावं तोडायला बघायचे. म्हणून पाटील गप्प. भागी बोलायला लागली तेव्हा पायगाडीला बघून म्हणाली, "आजा." पाटील शेजारी उभे होते. त्यांना ती बराच काळ काहीच म्हणत नसे.

आणि मग ती चैत्रातली जत्रा. डोंबिवलीच्या देवीची. भात कापून झालेल्या शेतांत बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या. मारुती, मालन आलेले. मारुती पायगाडी धरून उभा, वर भागी, दांडीला जिलबीचा पुडा. पाटलांचे बैल त्या दिवशी बिथरले आणि मध्येच उभे राहिले. चाबूक झाला, शेपट्या पिळल्या, आरडाओरडा झाला, बैल हलेनात. तेवढ्यात ठाण्याच्या कचेरीतला एक कारकून नव्या कोऱ्या पायगाडीवर बसून बाजूने आला. त्याची चाकं रबराची, आत वारा भरलेला. आवाज म्हणून नाही. पाटलांशी येऊन तो थांबला. त्याची थांबायची.

"पाटील, बैल माझ्या गाडीला मागे बांधा. दिवस मावळायच्या आत घरी पोचतील."

जत्रा हसली. पाटलांचं डोकं फिरलं.

"अरे जा! तुझ्यासारख्याला माझा व्याही पाणी पाजेल! त्याच्यापण जवळ हाय पायगाडी. लावतो का शर्यत? इथून त्या वडापर्यंत!"

बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. सगळी जत्रा वळून मारुतीकडे बघत होती. मारुतीने भागीला मालनच्या कडेवर दिलं आणि हात जोडले.

"व्याहीबुवा, शपथ आहे."

"हां हां. आज बसा. मी सांगतो ना."

"सांगून नाही सुटत. रतनची आहे."

मालनने रतनकडे पाहिलं. पोर खांबासारखी उभी. मालनला वाटलं, बसलाच हा माणूस तर? तीन वर्षं चालला, आणि आज एका कारकुनापायी बसला तर? तिने भागीला इतकं आवळलं की ती किरकिरली.

"आजचा दिवस सोडून द्या शपथेतून," पाटील म्हणाले.

"ती काय उपास आहे, व्याहीबुवा, आज सोडून उद्या धरायला?"

पाटील जवळ गेले आणि मारुतीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"ऐकू आलं तुम्हाला!"

"मला आलं हो. पंचांना नाही आलं. घातलीत तेव्हा कल्याणातल्या म्हशींनीसुद्धा ऐकली होती."

कारकून पायगाडीला टेकून मजा बघत होता. शकूबाय गर्दीतून पुढे आल्या. "म्हणा की मेलं एकदा! जीभ झडणार हाय काय?"

विश्राम पाटलांनी फेटा काढला, घाम पुसला, फेटा पुन्हा घातला. आणि बैलांना ललकारी द्यावी तशा आवाजात ओरडले, "सुटलीऽ! रतनची शपथ सुटली! बस आता, बस रे बाबा!"

मारुती बसला. मालनने बघितलं, आणि तोंडावर तोच उजेड. तीन वर्षं तो उजेड दावणीला बांधला होता, आणि आपण त्यावर खीर केली होती.

शर्यत सुटली. कारकून सुर्रकन पुढे, मारुती कुर्रकुर्र मागे. अर्ध्या वाटेत कारकून इतका पुढे गेला, की तो मागे वळून हसूसुद्धा शकला. तिथेच घात झाला. हसण्याच्या नादात बाभळीच्या काट्यावर गेला. फुस्स. कातड्याला काट्याची काय पर्वा! मारुती त्याला मागे टाकून वडाकडे निघाला. डोंबिवली नाचू लागली. पाटील हवेत उपरणं फिरवत होते. आणि नेमकी भागी मालनच्या कडेवरून निसटली, खाली उभी राहिली आणि तिने आपला टाहो फोडला.

"आजाऽ! मना घे! मनाऽ!"

वड हाकेवर आला होता. मारुतीने दांडी वळवली.

"वडाकडे!" पाटील किंचाळले. "अहो व्याही, वड तिकडे हाय!"

मारुतीला ठाऊक होतं वड कुठे आहे ते. तो भागीकडे आला, चालत्या गाडीवरून खाली वाकला आणि तिला उचलून पुढे दांडीवर बसवलं. तिकडे कारकुनाने खाली उतरून फुटकं चाक ढकलत ढकलत, घामाघूम होत, वडाला हात लावला. सगळा जन्म बसून फिरलेला माणूस गाडी ओढून जिंकला, आणि तीन वर्षं ओढलेला बसून हरला.

पण गाडी थांबणार कशी? मारुती सरळ पाटलांच्या रोखाने येत होता.

"व्याहीबुवा! ही थांबत नाही! धरा!"

या वेळी बाजूला गोणी नव्हत्या, जिलबीवाल्याचं पाल होतं. पळायला जागा होती. पाटील पळाले नाहीत. दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि गाडी, व्याही, नात, सगळं अंगावर घेऊन मागे बैलांसाठी टाकलेल्या पेंढ्यात आडवे झाले. फेटा कुठे, मिश्या कुठे. मग पाटलांच्या छातीवर बसलेली भागी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आजा, आनखी."

पाटील तसेच पडून राहिले. कारकून येऊन म्हणाला, "जिंकलो बरं का, पाटील."

"जा रे," पाटील पेंढ्यातून म्हणाले. "जिंकलास ना, मग जा."

त्यानंतर मारुती दोन वर्षं बसला. दिवेलागणीला घरी असायचा, मालनला ताजा भात वाढायला मिळायचा. मग एका पावसाळ्यात तापाने गेला, फार त्रास न देता, जसा राहिला तसाच. तिन्ही मुलींच्या मांडीवर आळीपाळीने डोकं ठेवून. सगळं कल्याण पोचवायला आलं. ज्याची ज्याची मडकी त्याने वाहिली होती, ते सगळे होते.

दिवसकार्य झाल्यावर विश्राम पाटील दावणीशी जाऊन उभे राहिले.

"घेऊन जा," मालन म्हणाली. "माझ्याच्याने बघवत नाही आणि टाकवत नाही."

पाटलांनी दावं सोडलं. कल्याणच्या भर बाजारातून, मिश्यांसकट, दांडी धरून ते पायी डोंबिवलीला निघाले. कुर्रकुर्र. कोणी हसलं नाही. पुढे हा त्यांचा रोजचा नेम झाला. संध्याकाळी पायगाडी फिरवायला वडापर्यंत. वर भागी. रस्त्याने कोणी म्हणायचं, "पाटील, एकदा बसा की!"

"बसायला काय, कोणीपण बसेल," पाटील म्हणायचे आणि चालत राहायचे.

वर्षश्राद्धानंतर मालन रतनकडे राहायला गेली होती. दिवे लागले, ताटं मांडली, पाटलांचा पत्ता नाही. वाटेत कोणाचं तरी दळण पोचवायला गेले होते म्हणे. शकूबाय भाताचं भांडं आपटून म्हणाल्या, "रोजचं हाय हे, विहीणबाय! तुमच्या मालकांनी काय भूत लावून दिलंन आमच्या घराला! आज येऊ दे त्यांना. भागीची शपथच घालते. त्या लोखंडाला हात म्हणून लावायचा नाय!"

मालनने झटकन त्यांचा हात धरला.

"विहीणबाई, काय वाटेल ते करा," ती म्हणाली, "पण शपथ तेवढी घालू नका."